जेवढे झाकता येईल, तेवढेच उघडा

जुनी फियाट दारात येते, आठवडाभरात सुटी होते, रंग उतरवून पत्रा उघडा केला जातो आणि काम तिथेच थांबते. डेंटर गावी जातो, मडगार्ड मिळत नाही, पैशांची सोय लांबते. तोवर जून उजाडतो. चाळीस-पन्नास वर्षे रंगाखाली टिकलेला पत्रा अशा एका पावसाळ्यात खवले सुटेपर्यंत गंजतो आणि आधीच पातळ झालेल्या जागी भोके पडतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुनी गाडी उभी करायला घेतलेल्या प्रत्येकाने एक नियम सर्वांत आधी पक्का करावा: एका दिवसात जेवढा पत्रा झाकता येईल, तेवढाच त्या दिवशी उघडा करावा.

मूळ पत्रा का जपायचा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता ज्या उरल्या आहेत त्या हौशी माणसांच्या घरी आहेत, आणि त्यांचा मूळ पत्रा आता कुठलाही कारखाना काढत नाही.

या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे पायाखालचा पत्रा, दाराखालची सिल आणि जॅक लावायची जागा यांना गंज लागला, तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. गाडीची ताकदच कमी होते.

कायद्याच्या बाजूनेही मूळ पत्र्याला किंमत आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. गंजलेली बॉडी अर्धीअधिक कापून नवी बांधावी लागली, तर गाडीचे मोलही कमी होते आणि नोंदणीत अडचणही येऊ शकते. आज सत्तरच्या दशकातली पद्मिनी बांधायला घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावे.

आपली हवा ओळखा

लोखंडाला गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाणी म्हणजे पाऊसच असे नाही. हवेतला दमटपणा पुरतो. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिले, की हवेत गंधकाचे वायू असतील तर सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्या पातळीच्या खूप वर असते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. त्यांच्या आसपास शेड असेल तर हवेतल्या आम्लधर्मी वायूंचाही विचार करावा लागतो.

तिसरा शत्रू मीठ. उल्हासनगर-बदलापूर समुद्रापासून आत असले, तरी आपण विकत घेतलेली गाडी बहुतेक वेळा मुंबईची असते. दादर, वांद्रे, वर्सोव्याच्या हवेत वर्षे काढलेल्या गाडीच्या सांध्यांत मीठ बसलेले असते. ते धुऊन काढल्याशिवाय वरून कितीही चांगला रंग दिला, तरी आतून फोड येतात. ओळखायची खूण सोपी आहे: गंज काढून चकचकीत केलेल्या पत्र्यावरचे बारीक खड्डे दमट हवेत काही तासांतच पुन्हा काळपट होऊन ओलावले, तर तिथे क्षार शिल्लक आहेत. तो भाग गरम पाणी आणि डिटर्जंटने ब्रशने घासून धुवावा, लगेच हवेच्या गनने सुकवावा आणि मगच पुढे जावे. घामाने ओला हातही तेच मीठ सोडतो. उघडा पत्रा हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला.

कामाचा हंगाम आणि कामाचा दिवस

पत्रा उघडा करायचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. पावसाळ्याचे महिने इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, सीट आणि सुट्या भागांच्या शोधाला द्या. मे महिना कोरडा भासतो, पण कोकणपट्टीतला मे चिकट असतो; तेव्हा फक्त छोटे तुकडे हाताळा.

हिवाळ्यातही वेळ पाळावी लागते. बदलापूरकडे पहाटे पारा चांगलाच उतरतो. रात्रभर गार झालेल्या पत्र्यावर सकाळची हवा लागली की डोळ्यांना न दिसणारे दव धरते. प्रायमर मारताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, हा रंगकामातला सर्वमान्य दंडक आहे. शेडमध्ये आर्द्रता आणि तापमान दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र टांगा. ते नसेल तर पत्र्यावर ओल्या फडक्याचा एक पातळ पट्टा ओढा. दहा-पंधरा मिनिटांत तो पूर्ण सुकला नाही, तर त्या दिवशी प्रायमरचा डबा उघडू नका. साधारण दहा-अकराच्या पुढे घासकाम सुरू करावे आणि संध्याकाळची हवा पडण्याआधी प्रायमर मारून मोकळे व्हावे.

आधी भागांची वाटणी करा

गाडी सुटी करतानाच प्रत्येक भागाला चिठ्ठी लावा. एका गटात रंग लागणारे भाग येतात: बॉडी, दारे, बोनेट, डिकी, मडगार्ड आणि गाडीला वेगळी असेल तर चासी. दुसऱ्या गटात रंग कधीच न लागणारे, मशीनवर घासलेले भाग येतात: सिलिंडरचा बोअर, क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील, ब्रेक ड्रमची आतली बाजू, गिअर. तिसऱ्या गटात बोल्ट, बिजागऱ्या, क्लिपा आणि छोटे ब्रॅकेट.

ही वाटणी महत्त्वाची आहे, कारण एका गटाचे औषध दुसऱ्याला विष ठरते. तेल दुसऱ्या गटाला वाचवते. तेच तेल पहिल्या गटाच्या सांध्यांत शिरले, की रंगाला डोळे पडतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून बॉडीचा पत्रा उघडा करून त्यावर तेल चोपडून ठेवणे हा उपाय नाही. त्याला संरक्षण द्यायचे ते प्रायमरचे.

रंग लागणाऱ्या पत्र्याचा क्रम

एका दिवसासाठी एकच भाग घ्या: एक दार, अर्धे छप्पर किंवा एक मडगार्ड. मग असे जा.

१. घासण्याआधी तेल-ग्रीस काढा. आधी घासले तर ग्रीस आणि पॉलिशमधले सिलिकॉन ओरखड्यांत बसते.

२. जुना रंग आणि लांबी काढून पत्र्यापर्यंत या. शेवटचा हात ८० ते १८० नंबरच्या पेपरने मारा. फार गुळगुळीत पत्र्यावर प्रायमर धरत नाही. हे घासकाम कोरडेच करा. पाणी मारून घासायची आपल्या रंगाऱ्यांची सवय वरच्या थरांसाठी ठीक आहे, उघड्या पत्र्यासाठी नाही.

३. कंप्रेसरच्या टाकीतले पाणी सकाळीच सोडून द्या आणि नळीवर पाणी धरणारा फिल्टर लावा. नाहीतर धूळ उडवताना आपणच पत्र्यावर पाण्याचा फवारा मारतो.

४. ग्रीस काढणाऱ्या द्रावणात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. एकाच कापडाने पुसत राहिल्यास घाण नुसती पसरते.

५. त्याच दिवशी दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारा. मिश्रणाचे प्रमाण आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला असतो, तो तंतोतंत पाळा. ती मुदत उलटून गेली तर पुढचा थर देण्याआधी पृष्ठभाग हलका घासावा लागतो.

इपॉक्सीवर एवढा भर देण्याचे कारण आहे. राखाडी सरफेसर किंवा नुसता रेड ऑक्साइड लावला की पत्रा सुरक्षित झाला, असा समज आहे. सरफेसर सच्छिद्र असतो. ओरखडे भरून काढणे आणि सहज घासता येणे हे त्याचे काम. तो पाणी शोषतो आणि त्याखाली गंज पसरत राहतो. रेड ऑक्साइड ग्रिलला, गेटला चालतो. महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या गाडीच्या पत्र्याला पुरा पडत नाही. नीट मारलेला इपॉक्सीचा थर ओलावा अडवतो आणि पत्र्याला घट्ट धरतो. शेडमध्ये तो एक पावसाळा निभावून नेतो. त्याला ऊन मात्र सोसत नाही. उन्हात तो खडूसारखा भुगभुगीत होतो. नुसत्या इपॉक्सीवर असलेली गाडी सावलीतच ठेवा.

लांबीबद्दल एक आग्रह. पॉलिएस्टर लांबी ओलावा ओढते. उघड्या पत्र्यावर थेट लांबी भरण्यापेक्षा आधी इपॉक्सी, तो सुकल्यावर घासून लांबी आणि वर पुन्हा इपॉक्सी, हा क्रम ठेवा. डेंटरला तो नवा वाटेल. कामाला हात लावण्याआधी त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्या आणि जादा वेळेचे पैसे मोकळ्या मनाने द्या.

वेल्डिंगच्या जागी दोन्ही बाजू जळतात, हेही विसरू नका. बाहेरची बाजू रंगाऱ्याला दिसते. आतली कुणी पाहत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. एकावर एक बसणाऱ्या पत्र्यांच्या मधे जस्तयुक्त वेल्ड-थ्रू प्रायमर लावून घ्या. वेल्डिंगनंतर मागची बाजू घासून तिलाही इपॉक्सी द्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेल्या तयार पत्र्यावर काळा किंवा लाल पातळ थर असला, तर तो वाहतुकीपुरता समजा आणि काढून टाका.

ऍसिड, सेवन टँक आणि ब्लास्टिंग

आपल्या परिसराची मोठी सोय म्हणजे पावडर कोटिंगवाले. त्यांच्याकडच्या सेवन टँक पद्धतीत तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटिंग आणि मधल्या धुण्याच्या टाक्या एका ओळीत असतात. ब्रॅकेट, चाकांच्या डिश, बॅटरीची पाटी अशा एकेरी जाडीच्या भागांसाठी ही पद्धत उत्तम. दार, सिल, बोनेट यांसारखे दुहेरी पत्र्याचे भाग मात्र ऍसिडच्या टाकीत अजिबात बुडवू नका. सांध्यांत शिरलेले ऍसिड धुऊन निघत नाही. काही महिन्यांनी ते रंगाखालून पाझरते. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते, आणि जुन्या बॉडीवर काही ठिकाणी शिशाचे डाग दिलेले असतात. शिसे-कथलाचे मिश्रण १८३ अंशांपासून वितळू लागते. बॉडीचे पत्रे भट्टीत घालू नयेत.

स्प्रिंगा आणि कडक बोल्ट हायड्रोक्लोरिक ऍसिडमध्ये ठेवू नका. ऍसिडमधून सुटलेला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होऊन अचानक तुटते. ऍसिडची बाटली, अगदी झाकण लावलेलीही, उघड्या लोखंडाच्या खोलीत ठेवू नका. तिच्या वाफेने अख्खे कपाट एका रात्रीत लालसर होते.

घरी करता येण्याजोगा सौम्य उपाय म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने गंज काढणे. भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर करा, ठिणगी दूर ठेवा. स्प्रिंगा आणि ऍल्युमिनियमचे भाग यात टाकू नका.

ब्लास्टिंग चासी, सस्पेन्शन आणि जाड ब्रॅकेटसाठी करा. छप्पर, बोनेट, दाराचा बाहेरचा पत्रा यांवर जोराचा मारा केला तर पत्रा लाटेसारखा वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही. तिथे पेंट रिमूव्हर आणि हाताचे घासकामच बरे. साध्या वाळूचा हट्ट धरणाऱ्याकडे जाऊ नका. तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो, आणि तो आजार बरा होत नाही. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा काचेचे मणी वापरणारा शोधा. ब्लास्ट केलेला खरखरीत पृष्ठभाग सर्वांत लवकर गंजतो. दमट हवेत एक-दोन तासही पुरतात. म्हणून जो ब्लास्टिंग करतो त्याच्याकडेच प्रायमरही मारून घ्या. उघडी चासी टेम्पोत घालून घरी आणू नका.

खड्ड्यांत रुतलेल्या, कुठल्याच उपायाने न निघणाऱ्या गंजावर फॉस्फोरिक ऍसिडचे किंवा टॅनिनचे द्रावण चालते. ते गंजाचे रूपांतर स्थिर थरात करते. फॉस्फोरिक ऍसिड सुकू न देता धुऊन काढावे लागते. त्याचा चिकट अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही.

रंग न लागणारे भाग

मशीनवर घासलेल्या भागांसाठी गंजरोधक तेल घ्या. मशीन शॉपला माल पुरवणाऱ्या दुकानांत ते ‘आरपी ऑइल’ म्हणून मिळते. भाग केरोसीनने स्वच्छ करा, पूर्ण सुकवा, तेलात बुडवा, निथळू द्या आणि व्हीसीआय कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवा. या कागदातून सुटणारी वाफ लोखंडावर अतिशय पातळ संरक्षक थर धरते. साधे वर्तमानपत्र किंवा गोणपाट वापरू नका, दोन्ही ओल धरतात.

डब्ल्यूडी-४० वर फार विसंबू नका. ते १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि त्या कामाला ते चांगले आहे. त्याचा थर पातळ असल्याने आपला पावसाळा त्याच्या भरवशावर काढता येत नाही. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नका. खवट झाल्यावर त्यातली आम्ले धातूलाच खातात. ब्रेक ड्रम बसवण्याआधी तेलाचा थेंबही राहणार नाही असा धुवा. जिवावरचा प्रश्न आहे.

बोल्ट आणि क्लिपांना जस्ताचा मुलामा द्या. कडक बोल्टांना मुलाम्यानंतर भट्टीत तापवून हायड्रोजन काढतात का, हे प्लेटिंगवाल्याला विचारून घ्या. नुसते ब्लॅकनिंग दिसायला मूळ रूपाच्या जवळ जाते, पण वर तेल नसेल तर ते गंज थांबवत नाही.

हात न पोहोचणाऱ्या पोकळ्या

सिल, दारांचे तळ, हेडलाइटमागची मडगार्डची खोळ, डिकीचे कोपरे: फियाट आधी इथेच सडते. रंगकाम पूर्ण झाल्यावर या पोकळ्यांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडा. ते रंगाआधी सोडू नका. दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोके लांबीने किंवा सीलंटने बुजली नाहीत ना, हे तारेने तपासा.

पावसाळ्याआधी गाडीखाली जळके ऑइल मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ले, पाणी आणि काजळी असते, ते रबरी बुश फुगवते आणि पुढच्या रंगकामाला कायमचे अडथळे निर्माण करते. जमिनीत झिरपते ते वेगळेच. तेवढ्याच कष्टात मेणाचे अंडरबॉडी कोटिंग मारता येते.

काम थांबलेच तर

थांबायची वेळ आली, तर सर्वांत आधी उरलेला उघडा पत्रा इपॉक्सीखाली घाला; बाकीचे नंतर. गाडी स्टँडवर उचलून ठेवा. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला चिकटून बांधू नका, आत घाम धरतो. वर पक्के छप्पर आणि अंगावर सुती कव्हर असावे, हवा खेळती राहावी. सुट्या भागांच्या कपाटात जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब पेटता ठेवला, तर आतली हवा उबदार राहते आणि आर्द्रता उतरते. एलईडी बल्बने हे होत नाही. बल्ब तेलकट कागदापासून दूर ठेवा.

उल्हास किंवा वालधुनी नदीच्या काठाजवळ राहणाऱ्यांनी पुराचाही हिशेब धरावा. २६ जुलै २००५ चा पूर इथे कुणी विसरलेले नाही, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. सुटे भाग वरच्या मजल्यावर किंवा उंच मांडणीवर ठेवा. पाणी शिरलेच, तर सिलमधला गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा; सुकलेला गाळ वर्षभर ओल धरतो.

उरलेले रसायन

थिनर, ऍसिड आणि पेंट रिमूव्हर गटारात ओतू नका. इथली अनेक गटारे वालधुनीला मिळतात. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस या नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसांना श्वासाचा त्रास झाला होता. वापरलेला थिनर डब्यात निवळू द्या, वरचा स्वच्छ भाग हत्यारे धुवायला पुन्हा घ्या. ऍसिडचे काम घरी करण्याऐवजी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कारखान्याकडे द्या. जुना रंग घासताना त्यात शिसे आहे असे धरून चला: योग्य मास्क लावा, मुलांना दूर ठेवा, धूळ ओल्या फडक्याने गोळा करा.

आणि एक वही ठेवा. कुठल्या भागावर कोणता प्रायमर, किती हात, कुठल्या तारखेला, वॅक्स कुठून सोडले, हे सगळे लिहा. मे महिन्यात आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, वर्षातून दोनदा ती वही घेऊन गाडीखाली शिरा, बॅटरी घेऊन प्रत्येक सांधा बघा आणि जिथे मेण सुटले असेल तिथे त्याच दिवशी पुन्हा लावा. तपासणीचा हा अर्धा दिवस पाळला, तर आज तुम्ही उघडलेला पत्रा पुन्हा उघडण्याची वेळ कुणावर येणार नाही.